खुन्नस होती, मॅच नव्हती

हे जे स्क्रीनवर हजारो पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डावीकडे-उजवीकडे झुलतायत ना, हे टेक्सासमधलं कॉलेज स्टेशन नावाचं गाव. स्टेडियमचं नाव काइल फील्ड. नीट बघा, एक रांग डावीकडे गेली की तिच्या मागची उजवीकडे जाते, लांबून करवत चालल्यासारखं दिसतं, आणि ते तसंच दिसावं म्हणून करतात, कारण कॉलेजच्या गाण्यात ते शेजारच्या युनिव्हर्सिटीचं चिन्ह असलेल्या बैलाची शिंगं कापतायत.

मी 2013 च्या ऑगस्टमध्ये इथे एमएसला आलो. दुसऱ्याच आठवड्यात नांदेडचा रूममेट अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला ओढून घेऊन गेला. आमच्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीची पोरं मॅच संपेपर्यंत बसतच नाहीत, जुनी परंपरा आहे, म्हणजे साडेतीन-चार तास भर उन्हात उभं राहायचं, माझे पाय पार गेले होते. आणि गंमत अशी की समोर टीम होती ह्यूस्टनची राईस युनिव्हर्सिटी, पण आमची पब्लिक गाण्यातून ठोकत होती ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला. मी विचारलं, अरे मग ते टेक्सासवाले कधी येणारेत? तो म्हणाला, येत नाहीत, बंद झालंय ते.

बंद झालंय म्हणजे काय, हेच आज बघायचंय.

ऑस्टिन ते कॉलेज स्टेशन अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आपलं पुणे-मुंबई समजा. या दोघांची पहिली मॅच 1894 ची, तेव्हापासून 2011 पर्यंत 118 मॅचेस. 1915 ला ए अँड एमनी 13-0 ने हरवलं, तर 1917 मध्ये त्यांच्या काही पोरांनी जाऊन टेक्सासच्या त्या बेवो नावाच्या बैलाच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने 13-0 असा डागच दिला, बिचाऱ्या बैलाचा काय दोष. पण नुसती खुन्नस नव्हती हो. दरवर्षी या मॅचच्या आधी ए अँड एमची पोरं ओंडक्यांची प्रचंड मोठी होळी रचायची, बॉनफायर म्हणायचे तिला, आणि 18 नोव्हेंबर 1999 ला पहाटे ती रचता रचता कोसळली, 12 जण गेले. आठच दिवसांनी मॅच होती. ती खेळली गेली, आणि हाफटाइमला टेक्सासच्या बँडने आपली वाजवावाजवी थांबवून त्या पोरांसाठी श्रद्धांजलीची धून वाजवली, डोक्यावरच्या हॅट काढल्या. कॉलेज स्टेशनमधल्या म्हाताऱ्या लोकांना स्कोअर आधी आठवत नाही, ते हॅट काढणं आधी आठवतं.

मग असं काय झालं? तर पैसा. पण तो कुठून आला हे बघू, कारण तिथेच खरी गोष्ट आहे.

कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स असते, सोप्या भाषेत सांगायचं तर युनिव्हर्सिट्यांची भिशी. आपापसात मॅच खेळायच्या, टीव्हीचे पैसे एकत्र गोळा करायचे आणि वाटून घ्यायचे. आधी या भिशीत शेजारपाजारचेच असायचे. 1984 पर्यंत टीव्हीवर कुठली मॅच किती वेळा दाखवायची हे एनसीएए नावाची वरची संस्था ठरवायची, त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, आणि टीव्हीचे हक्क युनिव्हर्सिट्यांच्या आणि कॉन्फरन्सच्या हातात आले. कोर्टात कोण गेलं होतं? जॉर्जिया आणि ओक्लाहोमा या युनिव्हर्सिट्या. हे ओक्लाहोमा नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकदा हक्क हातात आल्यावर प्रत्येकाला वाटायला लागलं की आपली भिशी छोटी आहे. टेक्सासमधली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये मोडली, टेक्सास आणि ए अँड एम दोघं बिग ट्वेल्व्ह नावाच्या कॉन्फरन्समध्ये गेले. 2011 मध्ये टेक्सासने ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलबरोबर स्वतःचं चॅनल काढलं, 20 वर्षांचे 30 कोटी डॉलर, तेही एकट्यासाठी. आता भिशीत एकाने बाजूला स्वतःचा डबा ठेवला तर बाकीचे काय म्हणणार? ए अँड एमनी सामान बांधलं आणि 2012 ला साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसीत निघून गेले.

जाण्याआधीची शेवटची मॅच 24 नोव्हेंबर 2011, थँक्सगिव्हिंगची रात्र, याच काइल फील्डवर. ए अँड एम 25-24 ने पुढे, घड्याळात शेवटचे सेकंद, आणि टेक्सासच्या जस्टिन टकरने 40 यार्डांवरून किक मारली, तीन पॉइंट. 27-25. घड्याळ शून्यावर. जो माणूस ती बघत होता त्याला पुढचे 12 सीझन तोच बॉल डोक्यात घेऊन जगावं लागलं, परत फेडायला मॅचच नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉन्फरन्स वेगळी झाली तरी एक मॅच ठेवता येत नाही का? येते की. सीझनला 12 मॅचेस, त्यातल्या आठ-नऊ कॉन्फरन्सच्या, उरलेल्या तीन-चार बाहेरच्या कुणाशीही. फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये असून खेळतात. पण इथे मानपान आडवा आला, एक म्हणतो तू सोडून गेलास, दुसरा म्हणतो तू सोडायला लावलंस, अगदी गावच्या भावकीसारखं. टेक्सासच्या विधिमंडळात तर मॅच सक्तीची करायची बिलं पण आणून झाली, काही उपयोग झाला नाही.

आणि जे आमदारांना जमलं नाही ते परत टीव्हीनेच केलं. 2021 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा दोघांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत यायचं ठरवलं. ए अँड एमच्या ॲथलेटिक डायरेक्टरने आधी उघड सांगितलं होतं की टेक्सास राज्यातून एसईसीत आम्ही एकटेच हवेत, पण मतदान झालं तेव्हा 14 विरुद्ध शून्य, म्हणजे यांचंही मत हो. 1 जुलै 2024 ला दोघं आत आले. आणि 30 नोव्हेंबर 2024 ला काइल फील्डवर, 1 लाखाच्या वर पब्लिक, जिंकणारा एसईसीच्या फायनलला जाणार. टेक्सास 17, ए अँड एम 7. मी तेव्हा डॅलसमध्ये होतो, ग्रुपवर रूममेटने फक्त एक करवतीचा इमोजी टाकला, पुढे काही नाही.

आता एसईसीत 16 टीम आहेत, म्हणजे सगळ्यांशी दरवर्षी खेळणं शक्यच नाही. म्हणून 2026 पासून कॉन्फरन्सच्या नऊ मॅचेस, त्यातले तीन प्रतिस्पर्धी पक्के आणि उरलेले 12 दोन वर्षांत फिरून येणार. टेक्सासचे पक्के तीन ओक्लाहोमा, ए अँड एम आणि आर्कान्सा. भारी झालं. पण अलाबामा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) यांची मॅच त्या तिनात बसली नाही, ती आता वर्षाआड. मला विचाराल तर वर्षाआड भेटणाऱ्याशी खुन्नस टिकत नाही, त्याला वर्षभर चिडवता आलं पाहिजे.

आणि ते ओक्लाहोमा. 2021 च्या ज्या निर्णयाने टेक्सासची जुनी दुश्मनी परत आली त्याच निर्णयाने ओक्लाहोमा आणि त्याच राज्यातल्या ओक्लाहोमा स्टेटची गेली, कारण स्टेट मागे बिग ट्वेल्व्हमध्येच राहिलं. बेडलम म्हणतात त्या मॅचला. पहिली 1904 ला गथरी गावात झाली, थंडी अशी की बाजूचा ओढा अर्धा गोठलेला, किक मारलेला बॉल वाऱ्याने उलटा मागे येऊन ओढ्यात पडला आणि दोन्हीकडची पोरं त्या पाण्यात उड्या मारून बॉलमागे पोहत गेली, ओक्लाहोमाच्या पोराने तो काढला आणि टचडाउन मिळवला. शेवटची 4 नोव्हेंबर 2023 ला स्टिलवॉटरमध्ये, ओक्लाहोमा स्टेट 27-24 ने जिंकलं, लोक मैदानात घुसले.

पुढच्या वर्षी, ज्या वीकेंडला इकडे काइल फील्ड दणाणत होतं, त्याच वीकेंडला ओक्लाहोमा स्टेट कोलोरॅडोत जाऊन 52-0 ने हरलं आणि ओक्लाहोमा लुइझियानात जाऊन 37-17 ने. दोघंही घराबाहेर. ओक्लाहोमाचं नॉर्मन आणि ओक्लाहोमा स्टेटचं स्टिलवॉटर, दोन्हीकडची स्टेडियम रिकामी होती.