तारखा लावून देणारा माणूस : हेरमान ग्रोटेफेंड

नमस्कार मंडळी.

आपण राहतो त्या फ्रांकफुर्ट गावातल्या एखाद्या माणसाबद्दल बोला, असं आपल्या मराठी मंडळाच्या समितीने सांगितलं तेव्हा मला लगेच हेरमान ग्रोटेफेंड आठवले. १८७६ ते १८८७ या काळात ते फ्रांकफुर्टच्या नगर-दप्तरखान्याचे प्रमुख होते. इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

हे घराणंच जुनी अक्षरं लावणाऱ्यांचं. आजोबा गेओर्ग फ्रीडरिश यांनी १८०२ मध्ये, ग्योटिंगेनला शिक्षक असताना, प्राचीन इराणच्या कीलाकार लिपीतली पहिली अक्षरं ओळखली. वडील कार्ल लुडविग यांचं काम तर थेट आपल्याकडचं. यवन, म्हणजे आपल्याकडे राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या वायव्य भारतातल्या प्राचीन लिपीतला मजकूर असे. ती खरोष्ठी लावायला जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अभ्यासक कलकत्त्यात झटत होता. त्याच सुमारास, १८३६ साली, कार्ल लुडविग यांनी जर्मनीत बसून त्याच लिपीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनीही हानोव्हरला दप्तरखान्यातच नोकरी केली.

हेरमान यांचा जन्म हानोव्हरचा, १८४५ चा. कालगणनेवरचा त्यांचा पहिला ग्रंथ १८७२ मध्ये आला, म्हणजे ऐन सत्ताविशीत. या विषयाने त्यांना जन्मभर सोडलं नाही. त्यात एवढं अवघड काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो.

मध्ययुगीन जर्मन कागदावर आपल्यासारखी तारीख नसते. 'मार्टिनीनंतरचा मंगळवार, १५२५' एवढंच असतं. मार्टिनी म्हणजे संत मार्टिनचा सण, ११ नोव्हेंबर. त्या वर्षी तो शनिवारी आला, म्हणून कागदाची तारीख १४ नोव्हेंबर. पण शनिवार होता हे कळणार कसं? त्यासाठी त्या वर्षीचा ईस्टर माहीत हवा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांतल्या कोणत्याही दिवशी येऊ शकतो, म्हणजे एकूण ३५ शक्यता. ग्रोटेफेंड यांच्या पुस्तकात या ३५ शक्यतांची ३५ कॅलेंडरं आहेत. वर्ष बघायचं, त्याचा ईस्टर बघायचा, तेवढं पान उघडायचं. सगळे वार समोर मांडलेले.

आणि हे सोपं उदाहरण झालं. एकाच संताचा सण दोन धर्मप्रांतांत वेगवेगळ्या दिवशी असायचा. वर्षारंभही एक नव्हता. ट्रियरला वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे तिथल्या कागदावरचा फेब्रुवारी १४०० हा आपल्या हिशेबाने १४०१ चा. कुठे नाताळपासून नवं साल धरत. हे सगळं प्रांतवार गोळा करून त्यांनी १८९१ ते १८९८ या काळात मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि १८९८ मध्येच त्याची हातात मावेल अशी छोटी आवृत्ती काढली. तिची चौदावी आवृत्ती २००७ साली निघाली.

मोडी कागद वाचणाऱ्यांना हे दुखणं परकं नाही. त्या कागदांवरचा शुहूर सन मृग नक्षत्रात सुरू होतो, हिजरी महिने ऋतूंशी जुळत नाहीत, आणि शक लिहिलेला असेलच याची खात्री नाही. मोडक, खरे यांच्या जंत्र्या, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारे तक्ते, हाताशी नसत्या तर पेशवाईतल्या पत्रांचा क्रम लावताना किती हाल झाले असते! जंत्री करणाऱ्याचा पोवाडा कोणी गात नाही, पण त्याच्यावाचून कोणाचंच पान हलत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च. त्या काळी प्रॉटेस्टंट फ्रांकफुर्ट जुनं कॅलेंडर पाळत होतं आणि कॅथलिक माइन्झने नवं घेतलं होतं. म्हणजे त्या दिवशी इथे १९ फेब्रुवारी होता, आणि मघाशी इथे यायला काही जण ज्या माइन्झहून लोकलने आलात, तिथे १ मार्च! दोन्हीकडे वार मात्र शुक्रवारच. फ्रांकफुर्टने नवं कॅलेंडर घेतलं ते १७०० साली. तेव्हा १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला.

फ्रांकफुर्टमध्ये असताना ग्रोटेफेंड यांनी इथल्या मध्ययुगीन बखरी छापून घ्यायला सुरुवात केली, पहिला खंड १८८४ चा. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत इथल्या दप्तराचा मोठा भाग जळाला, तेव्हा आधी छापून झालेल्या कागदांचं मोल कळलं. १८८७ मध्ये ते उत्तरेला मेक्लेनबुर्गची राजधानी श्वेरीनला गेले आणि तिथल्या दप्तरखान्याचे प्रमुख झाले. १९११ मध्ये तिथे खास दप्तरखान्यासाठी नवी इमारत उभी राहिली. श्वेरीनलाच १९३१ मध्ये ते वारले. मला सर्वांत भावतं ते हे, की हानोव्हरचा हा माणूस ज्या गावी गेला, त्या गावाच्या कागदांत तितक्याच आपलेपणाने बुडाला.

आपलंही गाव आता हेच. म्हणून एक विनंती. मंडळाच्या जुन्या पेट्यांतल्या निमंत्रणांवर 'पाडव्यानंतरचा शनिवार, संध्याकाळी ५' एवढंच आहे, वर्षच नाही. ज्यांना आठवतं ते ज्येष्ठ आज सुदैवाने या सभागृहात बसलेले आहेत. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर त्या पेट्या ठेवल्या आहेत, पेन्सिलीही आहेत. त्यांतला एखादा फोटो ओळखलात तर मागे साल आणि नावं लिहा. शाई नको, पेन्सिलच वापरा.