नाव केमिस्ट्रीचं, प्रवेश भूगोलाला

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ते कॉलेज चांगलंय.’ कशात चांगलंय? तर केमिस्ट्रीत. आणि मुलीला घ्यायचाय भूगोल! नाव एका विभागाचं, प्रवेश दुसऱ्याच विभागात. आज तेवढंच बोलायचंय.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. मार्केट यार्डात गुळाची अडत, शिक्षण सातवी, राहायला कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. नातीला भूगोल घेऊन बी.ए. करायचं होतं. (कुठंच नंबर लागला नाही म्हणून घ्यायचा विषय तो भूगोल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक पावसाळा पंचगंगेकाठी काढून बघावा. असो.) घरचे सगळे त्या नावाजलेल्या कॉलेजच्या मागं लागलेले. अण्णा म्हणाले, “थप्पीतला वरचा रवा कुणीबी झकासच ठेवतंय. मी खालचा काढून बघणार.” (रवा म्हणजे गुळाची ढेप.)

नातीला घेऊन निघाले. ऑफिसात गेलेच नाहीत, थेट ग्रंथालयात. “भूगोलाची पुस्तकं दावा की.” पुस्तक हातात आलं आणि अण्णांनी उघडलं ते मागचं पान, तारखांची चिठ्ठी चिकटवलेलं. शेवटचा शिक्का आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. दुसरं पुस्तक, तीच तऱ्हा. मग विभागात गेले. तिथं तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा भेटला. अण्णांनी विचारलं, “पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका म्हणतात. आमच्या गल्लीत पाणी कितीला शिरतंय?” मुलगा म्हणाला, “ते सिलॅबसमध्ये नाही, आजोबा.”

मग दुसरं कॉलेज. ज्याचं नाव घेतलं की पाहुणे ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलतात, तसलं. पण पुस्तकांतल्या जुन्या चिठ्ठ्या भरून त्यांवर नव्या डकवलेल्या. विभागाची खोली पत्र्याची, कँटीनच्या मागं. आत एक मुलगी नकाशावर वाकलेली. अण्णांचा प्रश्न तोच. ती म्हणाली, “गल्ली कुठली तुमची?” आणि तिनं नकाशा पसरला. २०१९ च्या महापुराच्या भिंतींवरच्या खुणा या मुलांनी घरोघर फिरून मोजल्या होत्या. तिनं बोट ठेवलं, “पाणी इथवर आलं होतं.” अण्णा उसळले, “खुळी का काय! आणि दोन घरं वर आलंतं. मी जिन्यात हुतो.” तर मंडळी, पोरगी वाद घालत बसली नाही. तिनं वही काढली, घराचा पत्ता विचारला, कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं ते विचारलं आणि लिहून घेतलं. अण्णांनी तिथंच फॉर्म मागितला. सरांचं नावसुद्धा विचारलं नाही!

ही गोष्ट मी कुठंही सांगतो, लग्नात सुद्धा. त्यामुळं आता वेळ थोडा उरलाय.

शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत, कोल्हापूर असो, सांगली असो की सातारा, अभ्यासक्रम एकच असतो. स्वायत्त कॉलेजं आपला स्वतःचा ठरवतात, ती वेगळी. म्हणजे फरक पडतो शिकवणाऱ्यांत, पुस्तकांत, प्रयोगशाळेत. नॅक म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. तिचा ‘ए प्लस’ दिसला की आपण निर्धास्त होतो, पण ती श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एकेका विभागाची नसते. इंजिनिअरिंगला एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळ, निदान शाखेगणिक मान्यता देतं. बी.ए., बी.एस्सी.ला विभाग आपणच बघायचा. पुन्हा सांगतो, विभाग बघायचा.

विचारायचं काय? या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती. तासिकेवरची माणसं जीव तोडून शिकवतात, त्यांच्यात खोट नाही. पण दरवर्षी माणूस बदलला तर मुलानं शंका विचारायची कुणाला? आणि इमारतीला भुलू नका. आपल्याकडं आधी कमान उभी राहते, मग सूक्ष्मदर्शकांना पैसे उरत नाहीत. कोल्हापूरला कमानींचं वेडच आहे, गल्लीच्या मंडळापासून सगळ्यांना.

नॅकसाठी केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर असतो. त्यात प्राध्यापकांची माहिती मिळते. ती वाचा, आपल्या विषयापुढं किती नावं आहेत ते मोजा आणि मग प्रत्यक्ष जाऊन या. जाताना सकाळी जा. दुपारी ग्रंथालयात जेवणाची सुट्टी असते, आणि पुस्तकाचं मागचं पान तेवढं बघायचं राहून जातं.