दगड दिसेनात तेव्हा

मंगळ. जेझेरो विवर. 18 जानेवारी 2024.

नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर आज 72व्यांदा उडतंय. वजन जेमतेम 1.8 किलो. महिनाभरात पाच उड्डाणं झाली तरी पुष्कळ, असं म्हणून पाठवलेलं.

पृथ्वीवरून त्याला हाकता येत नाही. संदेश पोचायलाच कित्येक मिनिटं जातात. मंगळावर जीपीएसही नाही. मग आपण कुठे चाललोय, हे त्याला कळतं कसं?

पोटाखाली एक कॅमेरा आहे, थेट जमिनीकडे रोखलेला. कृष्णधवल, अर्ध्या मेगापिक्सेलचासुद्धा नाही. आपल्या फोनने हसावं असा. संगणक प्रत्येक फोटोत ठळक ठिपके हेरतो. दगडाची कड, सावलीचं टोक. पुढच्या फोटोत तेच ठिपके किती सरकले, ते बघतो. त्यावरून वेग आणि दिशा. यालाच कंप्युटर व्हिजन म्हणतात, म्हणजे संगणकाने फोटोतून अर्थ काढणं. ते नाव ऐकलं की आपल्याला चेहरे ओळखणारी यंत्रं आठवतात. इथे ओळखपाळख काही नाही. दगड म्हणजे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खूण मिळाली की झालं.

मे 2021मध्ये, सहाव्या उड्डाणात, एक फोटो गहाळ झाला. एकच! पण पुढच्या प्रत्येक फोटोवर वेळ चुकीची पडत गेली. हेलिकॉप्टर नसलेल्या चुका सुधारू लागलं आणि 20 अंशांहून जास्त झोकांड्या खाऊ लागलं. तरी वाचलं. कारण जमिनीला टेकताना शेवटी कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, अशी तजवीज अभियंत्यांनी आधीच केली होती.

आज मात्र खाली वाळू आहे. वाऱ्याने पाडलेल्या मऊ वळ्या, दगड जवळजवळ नाहीतच. उडी छोटीशीच: सरळ 12 मीटर वर, आणि परत खाली. कॅमेरा ठणठणीत, फोटो स्वच्छ. फक्त त्यात धरायला काही नाही. दाट धुक्यात रस्त्याचा पांढरा पट्टा दिसेनासा झाला की ड्रायव्हरचं होतं, तसंच.

जमीन मीटरभरावर आली आणि संपर्क तुटला.

चौकशीत पुढे आलेली शक्यता अशी: आपण आडवे किती सरकतोय, याचा त्याचा अंदाज चुकला. त्या वेगानिशी ते वाळूच्या उतारावर आदळलं, एकदम झुकलं, आणि त्या हिसक्याने फिरती पाती मोडली.

नंतर त्याने स्वतःच टिपलेला एक फोटो पृथ्वीवर आला. वाळूवर त्याचीच सावली पडलीय. सावलीतल्या पात्याला टोक नाही.