रांजण सोवळ्याचे, रस पंगतीचा

मंडळी, योहानाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नाची गोष्ट आहे. अवघी अकरा वचनं. आमच्याकडे चर्चमध्ये लग्न लागतं तेव्हा हा उतारा हमखास वाचतात, मग ते बेळगावच्या कॅम्पातलं चर्च असो की खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातलं. वाचून झालं की आशीर्वाद, फोटो, जेवण. आज आपण जरा सावकाश वाचू या.

लग्नघरात द्राक्षारस संपला. त्या काळी लग्नाचा सोहळा सात-सात दिवस चाले. रस संपणं म्हणजे यजमानाची चारचौघांत नामुष्की. पंगत बसलेली असताना भात संपला तर वधूपित्याच्या जिवाचं काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. येशूची आई त्याला जाऊन सांगते, त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. तो म्हणतो, माझी वेळ अजून आली नाही. तरी ती चाकरांना बजावते, हा सांगेल ते करा. मग तो तिथले सहा दगडी रांजण पाण्यानं भरायला लावतो, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. हिशेब केला तर साडेचारशे ते सातशे लिटर पाणी होतं. एवढा रस त्या लहान गावाला पिऊन संपला नसता.

पण आकड्यापेक्षा मला ते रांजण महत्त्वाचे वाटतात. ते पिण्याच्या पाण्याचे नव्हते. योहान मुद्दाम सांगतो की ते यहुद्यांच्या शुद्धीकरणासाठी ठेवलेले होते, म्हणजे सोवळ्याच्या धुण्यासाठी. दगडाचेच का? मातीचं भांडं विटाळलं तर फोडून टाकावं, असा जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातला नियम. दगडाला मात्र विटाळ लागत नाही, असं यहुदी शास्त्री मानत. २०१७ साली नाझरेथजवळ रैना इथं उत्खननात अशी दगडी भांडी घडवण्याची जागाच सापडली. म्हणजे योहानानं लिहिलेला हा तपशील त्या मातीतला आहे.

सोवळ्याच्या त्या रांजणांत येशूनं पंगतीचा रस केला. आपल्या भागात हे वाक्य नुसतं ऐकून सोडता येत नाही. १९२५ साली इथं निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी ते प्याले, आणि पुढे सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. पाणी, घागर, शुद्धी! आमचे कितीतरी पूर्वज ज्या वस्त्यांतून ख्रिस्ताकडे आले, त्यांना या शब्दांचा अर्थ कुणी शिकवावा लागला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यहुद्यांचा शुद्धीचा नियम आणि आपल्याकडची अस्पृश्यता एक नव्हे. तिथला विटाळ कुणालाही होई आणि विधी केला की जाई. जन्मानं तो कुणाच्या अंगाला चिकटलेला नव्हता. येशू स्वतः यहुदी होता आणि त्यानं रांजण फोडले नाहीत, काठोकाठ भरून घेतले. शुद्ध होऊन दाराशीच उभं राहायचं नाही, आत पंगतीला बसायचं आहे, हे त्या चिन्हातून दिसतं. आणि हे कुणाला कळलं? भोजनकारभाऱ्याला कळलं नाही. त्यानं चव घेतली आणि नवरदेवाची वाहवा केली. रस कुठून आला, हे पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. या वचनावर मी पुन्हा पुन्हा येतो.

आता लग्नाचं रूपक. जुन्या करारातला होशेय संदेष्टा देवाला पती म्हणतो आणि इस्राएलाला त्याची पत्नी. नव्या करारात ख्रिस्त वर होतो आणि मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा सगळा समुदाय, वधू. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाची मेजवानी आहे. आपल्याला हे परकं वाटू नये. 'शरण सती, लिंग पती', म्हणजे भक्त ही पत्नी आणि शिव हा पती, हा लिंगायत शरणांचा विचार याच कर्नाटकात रुजला, अक्कमहादेवींनी चन्नमल्लिकार्जुनालाच पती मानलं, आणि ज्ञानदेवांच्या विराण्या आपण ऐकत आलो आहोत. फरक एकच जाणवतो. ख्रिस्ती विचारात वधू मुळात एकटा जीव नाही, ती सगळी मंडळी आहे. एकट्यादुकट्यानं या लग्नात उभं राहता येत नाही.

द्राक्षारसाबद्दल थोडकंच बोलतो. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि 'द्राक्षारसाने मस्त होऊ नका' असं प्रेषित पौल इफिस गावच्या मंडळीला पत्रात स्वच्छ लिहितो. प्रभुभोजनाच्या विधीत, म्हणजे कॅथलिक मिस्सेत, खरा द्राक्षारसच लागतो, त्यात थोडं पाणी मिसळतात. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या न आंबलेला रस घेतात; १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थानं तो टिकवण्याची रीत काढली. या वादात मला रस नाही. प्याल्यात काय आहे यापेक्षा तो प्याला कुणाकुणाच्या हातात जातो, हे मला विचारायचं आहे.

करिंथच्या मंडळीवर पौल भडकला तो याचसाठी. प्रभुभोजनाला जमून कुणी पिऊन मस्त, तर कुणी उपाशी. घर असलेल्यांनी नसलेल्यांना लाजवलं. आपल्या देशातही हे घडलं. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जातिभेद सोडून द्यायला बजावलं, तेव्हा कित्येक कुटुंबं चर्च सोडून गेली. एका प्याल्याला ओठ लावणं त्यांना जड गेलं. आज आपल्याकडे प्याला एकच असतो, हे खरं. पण सोयरीक बघायला निघालो की आधी मूळ जात विचारली जाते, निपाणीतही आणि बेळगावातही. मुलगा चांगला, घर चांगलं, दोघांचा विश्वास एक, आणि तेवढ्यासाठी ठरत आलेलं लग्न मोडतं. नंतर त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लग्नात कानाचा उतारा वाचला जातो. माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो, हे आपल्या हातातलं आहे, आणि पुढची सोयरीक ठरवायला बसाल तेव्हा तो प्रश्न विचारू नका.