गॅरेजमधला रेडिओ

मंडळी, अमेरिकेतल्या राजकीय टॉक रेडिओबद्दल बोलायचं तर मला आधी एका गॅरेजबद्दल सांगायला हवं. 2008-09 मध्ये मी मिझुरी राज्यात नोकरीला होतो. माझी जुनी गाडी वरचेवर तिथं न्यावी लागे. मालक साठीचा, हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. फळीवर रेडिओ, त्याच्या बटणांवरही काळे ठसे. सकाळचे अकरा वाजले की हातातला पाना खाली ठेवून तो आवाज वाढवायचा. न्यूयॉर्कात तेव्हा बारा वाजलेले असत आणि रश लिम्बॉ या उजव्या, रिपब्लिकनांच्या बाजूने बोलणाऱ्या निवेदकाचा कार्यक्रम सुरू होई. सोमवार ते शुक्रवार, रोज तीन तास. पाहुणे क्वचितच. एकटा माणूस बोलतोय, मधेच माइकजवळ कागद चुरचुरतोय, टेबलावर थाप मारतोय. ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच ओसरीवर येऊन बसलाय. शिवाय लिम्बॉ मूळचा मिझुरीचाच, केप जिरार्डोचा. मालकाला त्याचा केवढा अभिमान!

हे कुठून आलं? वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर विरुद्ध बाजूही ऐकवली पाहिजे, असं बंधन तिथल्या प्रसारण आयोगाने 1949 पासून घातलेलं होतं. ते 1987 मध्ये उठलं आणि 1 ऑगस्ट 1988 ला लिम्बॉ देशभर ऐकू येऊ लागला. पण सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडणं मला पटत नाही. गाणी एफएमवर निघून गेली होती. एएम, म्हणजे जुन्या मध्यम लहरींच्या स्टेशनांपुढे प्रश्न होता, दिवसभर लावायचं काय? त्यांना हा कार्यक्रम जवळजवळ आयता मिळाला. स्टेशनने जाहिरातींची काही मिनिटं कार्यक्रमवाल्यांना सोडायची, बदल्यात तीन तास भरले. पोटाची सोय आधी झाली, विचारसरणी मागून आली. पुढे स्टेशनांची संख्या सहाशेच्या वर गेली.

आणि प्रभाव म्हणाल, तर 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह, म्हणजे तिथल्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, जिंकलं तेव्हा नव्या सदस्यांनी लिम्बॉला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं. त्याहून बोलका प्रसंग मार्च 2009 चा. पक्षाचे अध्यक्ष मायकल स्टील टीव्हीवर म्हणाले की लिम्बॉ हा करमणूक करणारा माणूस आहे. लिम्बॉने रेडिओवरून झाडलं आणि अध्यक्षांनी माफी मागितली. निवडून आलेली माणसं लिम्बॉला भीत नव्हती. ती भीत होती माझ्या त्या गॅरेजवाल्याला, गाड्या चालवता चालवता, रंधा मारता मारता ऐकणाऱ्या लाखोंना.

मालकाने वर्षानुवर्षं त्या कार्यक्रमाला फोन लावला. कायम एंगेज. लागला असता तरी आधी चाळणी असते. कोण, कुठून, काय म्हणायचंय हे विचारून मगच माणूस हवेवर घेतात. म्हणजे ही मैत्री एकाच बाजूची. तरीही ‘रश म्हणत होता’ हे तो भावाबद्दल सांगावं तसं सांगायचा.

एका हिमवादळात माझी गाडी बंद पडली तेव्हा हाच माणूस रात्री साखळी घेऊन आला, ओढून घेऊन गेला आणि पैसे घेईना. त्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या लोकांबद्दल रेडिओवरची वाक्यं त्याने माझ्यासमोर जशीच्या तशी म्हटली. मी गप्प. मग म्हणाला, ‘तुझं वेगळं आहे.’ ते ‘वेगळं’ मला अजून टोचतं. तो मला ओळखत होता म्हणून मी सुटलो. बाकीच्यांची ओळख त्याला रेडिओनेच करून दिली होती.

आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे असा गॅरेजमधला राजकीय आवाज आपण ऐकलेला नाही. ती बंदी मला योग्य वाटत नाही. पण एकाच माणसाने रोज तीन तास कानात बोलावं आणि त्याला कुणी उलट विचारू नये, हेही मला नको आहे.

17 फेब्रुवारी 2021 ला लिम्बॉ फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. तीनेक आठवड्यांनी मी गॅरेजवाल्याला फोन केला, पुण्यात रात्रीचे साडेदहा. मागे लिम्बॉचाच आवाज! ध्वनिमुद्रित जुने तुकडे लावून कार्यक्रम चालूच होता. ‘जरा थांब,’ मालक म्हणाला, ‘जाहिराती लागू दे, मग बोलू.’ मी फोन धरून थांबलो.