पाच नंबरचे तिघे

[दृश्य: जुना प्लेस्टेशन 3. टीव्हीवर खेळाडूची माहिती बदलायचा पडदा. बटणांच्या टकटकीशिवाय आवाज नाही.]

कंट्रोलरवर टाइप करणं ही एक शिक्षाच आहे. पडद्यावर अक्षरांची पाटी असते आणि बाण सरकवत एकेक अक्षर गाठायचं असतं. बी. यू. एस. एच. चार अक्षरं झाली की आडनाव पूर्ण. पुढचं आडनाव पोलामालू निघालं, तर तेवढ्यात चहा निवतो.

मी जमवतोय तो संघ खऱ्या मैदानावर कधी उतरलेला नाही. 2000 ते 2009 या दहा वर्षांत अमेरिकन कॉलेज फुटबॉल ज्यांनी गाजवलं, त्या सगळ्यांना एका जर्सीत आणायचं आहे. आपल्याकडे कट्ट्यावर नाही का, गावसकरबरोबर सलामीला सेहवाग की मर्चंट, यात रात्रीचे दोन वाजतात? तसंच हे. फक्त कट्ट्यावर वाद घालून घरी जावं लागतं. इथे वाद संपला की सामना खेळता येतो.

गेमचं नाव एनसीएए फुटबॉल 14. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची कारभारी संस्था. ई.ए. स्पोर्ट्सने तो जुलै 2013 मध्ये आणला. कव्हरवर मिशिगनचा डेनार्ड रॉबिन्सन होता. या मालिकेचा हा शेवटचा गेम ठरणार, हे तेव्हा दुकानात रांग लावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

[दृश्य: ऑस्टिन, टेक्सस. रात्रीचं स्टेडियम, नारिंगी गर्दी.]

मी एम.एस.साठी ऑस्टिनला गेलो, तेव्हा हा खेळ मला अजिबात कळत नव्हता. दर पाच-सात सेकंदांनी थांबतो, सगळे गोळा होऊन कुजबुजतात, पुन्हा एकमेकांच्या अंगावर पडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, एवढं एका रूममेटने भाताच्या कुकरवर बोटाने रेघा मारून शिकवलं. त्या रेघांवर माझा पहिला हंगाम निघाला.

1 नोव्हेंबर 2008. आमचं टेक्सस विद्यापीठ देशात पहिल्या क्रमांकावर, सामना लबकला, टेक्सस टेक या दुसऱ्या विद्यापीठाशी. शेवटची काही सेकंदं उरलेली, आम्ही 33-32 असे एका गुणाने पुढे. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणाऱ्याने, फेकलेला बॉल उडून थेट आमच्या सेफ्टीच्या, म्हणजे बचावात सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्याच्या, हातात आला. आला आणि निसटला. तो धरला असता तर सामना तिथेच संपला असता. खोलीत कोणीतरी 'अरे!' म्हणून गुडघ्यावर हात मारला. पुढचाच चेंडू उजव्या कडेला त्यांच्या मायकल क्रॅबट्रीकडे गेला. त्याने तो घेतला, अंगावर आलेल्याला झटकलं, रेषेच्या आत पाय ठेवला आणि टचडाऊन केला, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला. घड्याळात एक सेकंद शिल्लक. 39-33. जेवण तसंच राहिलं.

त्यामुळे माझ्या संघात क्रॅबट्री असणारच. मी त्याला माफ केलेलं नाही, पण ज्याने आपल्याला रडवलं तो घेतला नाही तर ती निवड कसली?

[दृश्य: पडद्यावर वाइड रिसीव्हरांची, म्हणजे फेकलेला बॉल झेलणाऱ्यांची, यादी.]

खरा पेच त्यानंतरचा. 2007 मध्ये क्रॅबट्रीने 134 झेल घेतले, 1,962 यार्ड आणि 22 टचडाऊन. जॉर्जिया टेकच्या कॅल्विन जॉन्सनचे 2006 चे झेल 76. आकडे बघून निवडायचं तर वाद उरतच नाही. पण तेव्हा टेक्सस टेकचा प्रशिक्षक होता माइक लीच. त्याच्या पद्धतीत बॉल घेऊन पळणं जवळपास नावालाच, सतत हवेतून फेक. तिथे बॉल ढगफुटीसारखा यायचा. जॉन्सनच्या वाट्याला मोजके बॉल यायचे, त्यातले निम्मे डोक्यावरून जाणारे, आणि तो ते आकाशातून खुडून आणायचा.

गेमला झेलांचे आकडे चालत नाहीत. त्याला गुण लागतात. वेग किती, उडी किती, हात किती घट्ट, 99 पैकी. म्हणजे दहा वर्षांपूर्वी टीव्हीवर पाहिलेल्या माणसाचं तुम्ही मोजमाप करायचं. जॉन्सनच्या उडीला मी 99 दिले. क्रॅबट्रीच्या वेगाला 88 वर थांबलो; तो पळून नाही, पकडणाऱ्याच्या तावडीतून सुटून जिंकायचा. तिसरा पिट्सबर्गचा लॅरी फिट्झजेराल्ड. 2003 ला 22 टचडाऊन. त्याच्या हातांबद्दल चर्चा नको.

सगळ्यांना सगळीकडे 99 देण्याचा मोह होतो. पहिल्यांदा मी तेच केलं. तो संघ चालवायला घेतला आणि तिसऱ्या सामन्यात कंटाळलो. सगळेच उत्तम असले की कोणीच कोणासारखा खेळत नाही.

[दृश्य: नंबर निवडायचा पडदा. 5 वर बाण थांबलेला.]

आणि इथे अडलो. क्रॅबट्रीचा नंबर 5. आर्कान्सासचा डॅरन मॅकफॅडन, 2006 आणि 2007 अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, म्हणून डोक वॉकर पुरस्कार घेणारा, त्याचाही नंबर 5. आणि यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, रेजी बुश, तोही 5.

कॉलेजमध्ये एका संघात दोघांना एकच नंबर चालतो, पण दोघे एकाच वेळी मैदानात उभे राहू शकत नाहीत. मला तर तिघे एकाच वेळी हवेत. दोघांना नंबर बदलायला लावायचे. कोणाला? ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण या एका प्रश्नावर माझा अख्खा रविवार गेला. 5 शिवायचा बुश मला ओळखीचाच वाटेना.

रेजी बुशची गोष्ट इथेच सांगायला हवी. 2005 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, त्याला मिळाली. कॉलेजात असताना एजंटगिरी करू पाहणाऱ्यांकडून त्याने व कुटुंबाने पैसे आणि सोयी घेतल्या, असा ठपका नंतर एनसीएएने ठेवला. 2010 मध्ये यूएससीवर कारवाई झाली, तो ज्यात खेळला त्यातले बरेच विजय नोंदीतून पुसले गेले, त्याच वर्षी त्याने ट्रॉफी सोडली. ती परत मिळाली एप्रिल 2024 मध्ये. ज्याचे विजय कागदावरून पुसले गेले, असा खेळाडू माझ्या संघात पहिला होता.

गंमत अशी, की जुलै 2006 ला आलेल्या एनसीएए फुटबॉल 07 च्या कव्हरवर हाच बुश होता. कव्हरसाठी नेहमी कॉलेज सोडलेला खेळाडू घ्यायचे. कॉलेज सुटलं की त्याला पैसे देता येत. आत, गेममध्ये मात्र जे अजून शिकत होते, त्यांना एक पै नाही.

[दृश्य: 2006 चा रोझ बोल. आवाज खाली घ्यावा.]

क्वार्टरबॅक ठरवायला मला चार मिनिटंही लागली नाहीत, आणि ऑस्टिनचा माणूस म्हणून मी इथे निःपक्षपाती असल्याचं सोंग करणार नाही. टेक्ससचा विन्स यंग. 4 जानेवारी 2006. रोझ बोल, त्या हंगामाचा राष्ट्रीय अंतिम सामना. समोर यूएससी, सलग 34 सामने जिंकलेली, बुशसकट. सात मिनिटांहून कमी वेळ उरलेला आणि यूएससी 38-26 अशी पुढे. तिथून यंगने सामना ओढून आणला. शेवटी चौथा प्रयत्न, पाच यार्ड लागणार. फेकायला कोणी मोकळा नाही. तो उजवीकडे वळला आणि चालल्यासारखा कोपऱ्यात शिरला. 19 सेकंदं बाकी. 41-38. त्या रात्री त्याने पळून 200 आणि फेकून 267 यार्ड काढले.

मी तेव्हा पुण्यात होतो, मला याचा पत्ताही नव्हता. पण ऑस्टिनमध्ये पाय ठेवल्यापासून ही धाव इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली, की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

दुसऱ्या जागेवर फ्लोरिडाचा टिम टिबो. 2007 ची हाइजमन, आणि दुसऱ्या वर्षाला असताना ती मिळवणारा पहिलाच. नंबर 15. गेममध्ये त्याच्यासाठी एक छोटी खूण करावी लागते: डावखुरा. ही खूण लक्षात ठेवा.

[दृश्य: बचावफळी. नावं एकामागून एक उमटतात.]

बचाव पटापट झाला. अॅरिझोना स्टेटचा टेरेल सग्ज, 2002 च्या एका हंगामात 24 सॅक, म्हणजे चोवीस वेळा क्वार्टरबॅकला बॉलसकट आडवा केला. मधोमध नेब्रास्काचा नडामुकन सू. डिसेंबर 2009 मध्ये त्याने आमच्या क्वार्टरबॅकला एका सामन्यात साडेचार वेळा लोळवलं. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलं. टेक्सस तो सामना 13-12 असा कसाबसा जिंकलं, पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे सूबद्दलच बोलत होते.

मागे मायामीचे दोघे. एड रीड, नंबर 20. शॉन टेलर, नंबर 26.

टेलरचं नाव टाइप करून मी थोडा थांबलो. नोव्हेंबर 2007 मध्ये घरात घुसलेल्या चोरट्यांच्या गोळीने तो गेला. चोवीस वर्षांचा होता. गेमचा पडदा त्याची उंची विचारतो, वजन विचारतो, कितव्या वर्षाला आहे ते विचारतो. मी सगळं भरलं.

[दृश्य: रिकामा आडनावाचा रकाना. बाण लुकलुकतो.]

आता या रकान्याबद्दल. तो मी भरत होतो, कारण कंपनीने तो मोकळाच सोडला होता.

गेममध्ये फ्लोरिडाचा संघ उघडला की क्वार्टरबॅक नंबर 15 दिसायचा. डावखुरा, तीच उंची, तोच बांधा. फक्त नाव नाही. कॉलेजचा खेळाडू हौशी, त्याला पैसे देता येत नव्हते. पैसे न देता नाव वापरता येत नव्हतं. म्हणून नाव गाळायचं आणि माणूस ठेवायचा. मग दर जुलैला देशभरातले हौशी लोक रात्री जागून ते रकाने भरायचे. सव्वाशेच्या आसपास संघ, प्रत्येकी 70 खेळाडू. हिशेब करा. साडेआठ हजारांवर नावं, कंट्रोलरवर, फुकट. भरलेली फाइल एकमेकांना द्यायची. आडनाव नेहमीचं असलं, तर समालोचकाच्या आवाजात ते आधीच ध्वनिमुद्रित असायचं. तुम्ही 'जॉन्सन' टाकलंत की तो 'जॉन्सन' म्हणायचा. नाहीतर नुसता नंबर.

यूसीएलए विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एकदा मित्राच्या घरी बास्केटबॉलच्या गेममध्ये स्वतःला पाहिलं. 1995 च्या विजेत्या संघात, नंबर 31, डावखुरा. नाव नाही. 2009 मध्ये तो कोर्टात गेला. त्याच वर्षी अॅरिझोना स्टेट आणि नेब्रास्काकडून खेळलेला क्वार्टरबॅक सॅम केलरही गेला. रटगर्सचा रायन हार्टही लढत होता: सहा फूट दोन इंच, 197 पाउंड, नंबर 13, गेममध्येही तंतोतंत तेच.

हार्टच्या खटल्यात ई.ए.चा एक युक्तिवाद ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. कंपनीचं म्हणणं असं, की खेळणारा माणूस त्या आकृतीचे केस, उंची, गुण सगळं बदलू शकतो, म्हणजे ही नवी कलाकृती झाली. थोडक्यात, मी रविवारभर जे करत बसलो होतो ते त्यांच्या बचावात उभं होतं. मे 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी ते फेटाळलं. बदलता येतं म्हणून मुळातला माणूस नाहीसा होत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याच सप्टेंबरमध्ये ई.ए.ने जाहीर केलं, की पुढच्या वर्षी कॉलेज फुटबॉलचा गेम नाही. तडजोडीत ई.ए. आणि परवाने देणाऱ्या कंपनीचे 4 कोटी डॉलर, एनसीएएचे 2 कोटी.

गेम बंद पडला तेव्हा बरेच चाहते ओबॅननवर चिडले. मीही कुरकुरलो होतो. आज त्याची लाज वाटते. पण खोटं कशाला बोलू, डिस्क मी विकली नाही.

[दृश्य: 2024. नवं कव्हर.]

जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली, आणि 19 जुलै 2024 ला कॉलेज फुटबॉल 25 आला. होकार देणाऱ्या प्रत्येकाला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. अकरा हजारांवर खेळाडूंनी होकार दिला. कव्हरवर शिकत असलेले तिघे. 600 डॉलर पुरेसे का, यावर तेव्हा वाद झाला, आणि माझ्या मते पुरेसे नव्हते. पण रकाना भरलेला आहे.

माझा दशकाचा संघ मात्र जुन्याच डिस्कवर राहतो. सगळ्यांना मी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी केलं, म्हणजे निदान काही हंगाम मिळतील. बुशला 5 दिला. मॅकफॅडनला 25, क्रॅबट्रीला 15, कारण टिबो त्याच्याबरोबर क्वचितच मैदानात येतो.

[दृश्य: हंगाम पुढे सरकतात. संघाची यादी हळूहळू बदलते.]

जुन्या गेमची एक खोड मला खूप उशिरा दिसली. खऱ्या खेळाडूंना त्यात नावं नव्हती, पण पुढच्या वर्षी भरती होणारी जी पोरं कॉम्प्युटर स्वतः तयार करायचा, त्यांना पूर्ण नावं असायची. नाव आणि आडनाव, दोन्ही. ती कोणाचीच नव्हती, त्यामुळे फुकट होती.

तिसऱ्या हंगामानंतर बुश एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, गेला. चौथ्यानंतर यंग, टेलर, सू, सगळे. पाचव्या हंगामाचा पहिला सामना सुरू झाला. 5 नंबरची जर्सी कॉम्प्युटरने जन्माला घातलेल्या एका पोराच्या अंगावर होती, ओहायोचा, पहिल्या वर्षाचा. त्याने बॉल घेतला, डावीकडे फट शोधली, आणि समालोचकाने त्याचं आडनाव अगदी स्पष्ट घेतलं.