उलटी कृष्णा: वाई ते हरिपूर, पायी

(पहिला शॉट. तीस सेकंद नुसता पाण्याचा आवाज, मग निवेदन)

ही कृष्णा आहे. हो, उलटीच आहे, एडिटिंगमधे काही गंडलेलं नाही. घाट वर लटकलाय, आभाळ खाली सांडलंय, आणि उजवीकडनं धुणं घेऊन आलेली बाई इथं डावीकडनं येताना दिसतीय. चार बाय पाच इंचाची दुधी काच असते या कॅमेऱ्याला, तिच्यावर चित्र असंच पडतं, डोक्यावर उभं आणि डावं-उजवं बदललेलं. सरांना काळ्या फडक्याखाली जे दिसतं तेच आम्ही आत मोबाईल घालून शूट केलंय. ते फडकं म्हणजे काकूंची जुनी चंद्रकळा, दुहेरी शिवून घेतलेली. संक्रांतीला नेसायची साडी आता सरांच्या डोक्यावर असते.

सर म्हणजे आमचे शाळेतले ड्रॉइंगचे सर. रिटायर होऊन चार वर्षं झाली. जानेवारीच्या शेवटी वाईतनं निघाले आणि बाराव्या दिवशी सांगलीच्या पुढं हरिपूरला पोचले, जमेल तिथं नदीकाठानं, नाहीतर उसातल्या गाडीवाटेनं. आम्ही दोघं मागनं मोटारसायकलवर. म्हणजे चालले ते, दमलो आम्ही.

आता ही सॅक बघा. तेरा किलो. लाकडी कॅमेरा घडी घालून पेटीएवढा होतो, त्याला दीडशे एमएमची एक लेन्स, एकच. ट्रायपॉड. लाईट मीटर. दहा होल्डर, प्रत्येकात पुढं एक मागं एक अशा फिल्मच्या दोन शीट, म्हणजे एका वेळेला वीस फोटो. ते संपले की रात्री मुक्कामाला काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून आंधळ्यासारखं नवीन भरायचं. सगळ्या मिळून चाळीस शीट, त्यावर बारा दिवस. आपण एका चहाच्या टपरीवर चाळीस फोटो काढतो.

यातल्या बारा शीट इल्फर्ड कंपनीच्या एचपी फाईव्ह या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मच्या, एकेक शीट हॉटेलातल्या भरपेट थाळीच्या भावाची. उरलेल्या अठ्ठावीस एक्स-रेच्या फिल्मवर. खरंच, छातीचा काढतात तोच एक्स-रे. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळं ही फिल्मही मिळते. आठ बाय दहाची एक शीट घेतली की बाथरूममधे लाल दिव्याखाली तिच्या चार होतात. या फिल्मला लाल उजेड दिसतच नाही, म्हणून लाल बल्ब लावून आरामात कापता येतं, हे कापतानाचं फुटेज पूर्ण फिल्ममधलं माझं सगळ्यात आवडतं आहे म्हणून जरा लांब ठेवलंय, सांभाळून घ्या. मसाला, म्हणजे चित्र उमटतं तो थर, तिला दोन्ही बाजूंनी असतो. कुठली बाजू वर हे बघायला नको हा फायदा, आणि कुठल्याही बाजूला नख लागलं की गेली हा तोटा.

कॅमेरा पाठीवर घेऊन हिंडणं नवीन नाहीच. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज 1863 ते 1866 मधे तीनदा हिमालयात गेला. तेव्हा काचेची प्लेट ओली असतानाच फोटो काढून तिथल्या तिथं धुवावी लागायची, त्यामुळं तंबू, बाटल्या, केमिकल, काचा असा सगळा संसार बरोबर. पहिल्याच खेपेला तीसेक हमाल होते. आमच्याकडं सरच बोर्न आणि सरच हमाल.

(वाई. पहाट, धुकं)

ढोल्या गणपती पुढनं सगळ्यांनी बघितलाय, सर गेले मागं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पूर आला की पाणी तिच्यावर फुटून दोन बाजूंनी निघून जावं म्हणून. 1762 चं देऊळ आहे, अजून उभं आहे. कळस बसवायला कॅमेरा वर केला की भिंती आत झुकल्यासारख्या येतात, म्हणून सर कॅमेरा सरळच ठेवतात आणि नुसती लेन्सची पाटी वर सरकवतात. बघा, कळस हळूहळू काचेत उतरला, आणि भिंती ताठच्या ताठ. पंचवीस मिनिटं गेली यात. एक शीट.

मेणवलीचा घाट. नाना फडणवीसांचा वाडा मागं आहे. ही घंटा वसईची, पोर्तुगीजांची, 1739 ला वसई घेतली तेव्हाची लूट, अंगावर मेरी आणि पुढ्यात महादेव. सरांना मात्र पायऱ्या पाहिजे होत्या. पायाजवळची पायरी आणि पलीकडचा काठ, दोन्ही एकाच वेळी टोकदार. त्यासाठी लेन्सची पाटी थोडी पुढं झुकवायची, मग फोकसही पायऱ्यांबरोबर लोळत पलीकडं जातो. शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं 1904 मधे विमानातनं नव्हे, बलून-पतंगातनं काढलेले नकाशाचे फोटो सरळ करायला ज्या नियमाचं पेटंट घेतलं, तोच हा नियम. आम्ही सरांना ते नाव तीनदा म्हणायला लावलं, तिन्ही टेक वेगळे आलेत.

कॅमेऱ्याचा भाता ताणला तेव्हा घाटावरचा एक म्हातारा म्हणाला, "लोहाराचाय का काय ओ?" सर म्हणाले, "त्याचाच पुतण्या."

लिंबची बारा मोटेची विहीर. नाव बारा मोटेचं, जागा मोजल्या तर पंधरा भरतात. 1719 ते 1724 मधे बांधलेली. आत उतरलं की गारवा आणि अंधार. मीटर म्हणाला तीस सेकंद. पण फिल्मचं असं आहे, उजेड फार कमी झाला की ती कंटाळते, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उमटत नाही. एचपी फाईव्हला तीसचे शहाऐंशी सेकंद द्यावे लागतात. शटरची केबल दाबून धरली आणि सर तोंडानं मोजायला लागले. साठाच्या आसपास वरनं एक पारवा खाली आला आणि निघूनही गेला. आमच्या व्हिडिओत आहे तो. फोटोत नाही.

माहुलीपासनं कराडपर्यंतचं फुटेज नाही, कारण आमच्या कॅमेरामनच्या मावसभावाचं लग्न.

(कराड. प्रीतिसंगम)

कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येतात, बाजूनं येऊन मिळत नाहीत, चक्क तोंडावर तोंड. सर तीन तास थांबले. ढग नीट बसेना. फोटो न काढताच उठले, आणि कॅमेरा परत घडी घालताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते बघा, मी बोलत नाही.

पुढं नुसता ऊस. तोड चालू, बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्यांवरची मोठ्ठी गाणी. उसातल्या एका गावात पारावर मारुती, अंगावर बोटभर जाड शेंदूर, सकाळच्या उन्हात पेटल्यासारखा. सरांनी एक्स-रेची शीट घातली. गुरव अण्णांनी अंग पुसून नवा शेंदूर चढवला, "फोटो हाय म्हणल्यावर देवाला तयार करायला नको का!"

औदुंबरला होडीतनं पलीकडं. काठावर शाळेतली पोरं जमली, आणि सरांनी एकेकाला चंद्रकळेखाली घेतलं. एक पोरगी आत गेली ती बाहेरच येईना. शेवटी आतनं आवाज आला, "सर, आमचं घर आभाळात हाय." तिच्या मागं सतरा पोरं रांगेत. त्या दिवशी फोटो एकच झाला.

ब्रह्मनाळ. 8 ऑगस्ट 2019, पुरात माणसांसकट उलटलेली ती बोट.

(इथं निवेदन नाही. नदी, आणि सर कॅमेरा न उघडता बसलेले.)

सांगली. आयर्विन पूल, 1929 चा. ऑगस्टात अख्खं गाव या पुलाखालच्या आकड्यावर झोपतं आणि उठतं, चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, 2019 ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. सरांनी कोरड्या नदीपात्रात ट्रायपॉड लावला, म्हणजे तेव्हा तिथं डोक्यावर किती पाणी असेल ते तुम्हीच धरा.

हरिपूर. वारणा इथं येते. आणि ही पेवं, हळद साठवायची. जमिनीत खोल, तोंड अरुंद, पोट मोठं, हळद वर्षानुवर्षं आत राहायची. तोंड उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आत जीव गुदमरतो, आधी हवा खेळू द्यायची. 2005 च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आता वापर कमीच. शेवटची शीट पेवाच्या तोंडावर गेली.

(बाथरूम. लाल दिवा)

एचपी फाईव्ह ठार अंधारात धुवायला लागते, ते काय शूट करणार. एक्स-रे मात्र डोळ्यासमोर उमटते. ट्रेच्या तळाला काच ठेवलीय, ओरखडा नको म्हणून. सर ट्रे हलवतायत, बघत राहा. आधी आभाळ काळं होतं. मग पाराची कड. मग पिंपळाची पानं, एकेक. मारुतीच्या जागी मात्र काहीच येत नाही, तिथं फिल्म पारदर्शकच राहिली.

चाळीसपैकी नऊ शीट वाया गेल्या, भात्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं, तिसऱ्या दिवसापासनं. विहिरीची वाचली.

प्रिंट द्यायला आम्ही गाडीवर गेलो, सर एसटीनं आले. गुरव अण्णांनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं.

"मास्तर, आमचा देव काळा का हो?"

"अण्णा, या फिल्मला लाल दिसत नाही. शेंदूर तिच्यासाठी काळाच."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंढरपूरचा म्हणून चालतोय की," आणि प्रिंट मारुतीच्या पायाशी टेकवून ठेवली.